स्टेशन कसं आहे, हे उतरणाऱ्याला विचारा

संध्याकाळी सव्वासातला आमची लोकल स्टेशनात शिरू लागते, तेव्हा दारात उभ्या असलेल्या बायका एकच गोष्ट बघत असतात: जिना किती लांब आहे. आपला डबा जिन्यासमोर लागला तर दोन मिनिटांत पुलावर, चार डबे पुढे गेला तर दहा मिनिटं फलाटावरच. म्हणून सकाळी डबा निवडतानाही बसायला कुठे मिळेल यापेक्षा उतरल्यावर जिना कुठे येईल याचा हिशेब आधी होतो. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीला आम्ही पहिला धडा हाच देतो. "मधल्या लेडीजला चढ गं, म्हणजे ब्रिज समोर येतो."

मी बावीस वर्षं मुंबईच्या लोकलने कामाला जाते. स्टेशनांच्या कायापालटाच्या बातम्या वाचून गेल्या महिन्यात मी आमच्या रोजच्या डब्यातल्या बायकांना एक साधा प्रश्न विचारला: तुमचं स्टेशन कसं आहे? भिंतीवरच्या चित्रांबद्दल कुणी बोललं नाही, नव्या कमानीचं नावही कुणी काढलं नाही. "पायऱ्या निसरड्या झाल्यात." "पावसात आमच्या डब्याला पत्राच येत नाही, छत्री उघडेपर्यंत भिजतो." "बाथरूमला कुलूप असतं." "रात्री साडेदहानंतर त्या टोकाला उतरायला नको वाटतं." गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या एक मावशी आमच्यात आहेत. त्या म्हणाल्या, "सरकता जिना आहे की. पण तो वरच जातो. अगं, मला वर जायला त्रास नाही, खाली उतरायला होतो."

मावशींचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सरकता जिना बसवणाऱ्याने चढण्याचे कष्ट जास्त असं धरून चाललं असणार, आणि धडधाकट माणसाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण दुखरा गुडघा असलेल्या एका माणसाला जरी कुणी विचारलं असतं, तरी उतार हाच खरा शत्रू आहे हे कळलं असतं. आपल्या उपनगरी स्टेशनांवर पैसा खर्च होत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. तो होतो आहे. तो कुठे व्हावा हे ठरवताना रोज तिथून जाणाऱ्याला विचारलं जात नाही, ही माझी तक्रार आहे. आणि न विचारण्याची किंमत फक्त गैरसोयीत मोजली जात नाही, ती माणसांच्या जिवावर येते, हे आपण पाहिलेलं आहे.

२९ सप्टेंबर २०१७ ची ती शुक्रवारची सकाळ. दुसऱ्या दिवशी दसरा होता. साडेदहाच्या सुमाराला जोराचा पाऊस आला आणि परळ व एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर खाली उतरणारे लोक जिन्यातच थबकले. मागून एकामागून एक गाड्या येत होत्या, माणसं पुलावर चढत होती. पुढे वाट नाही हे मागच्यांना दिसत नव्हतं. त्या अरुंद जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली.

हा पूल अपुरा पडतो हे त्या दिवशी कुणाला नव्याने कळलं नव्हतं. पूल रुंद करा, नवा बांधा, अशी लेखी मागणी लोकप्रतिनिधींनी रेल्वेकडे आधीच केली होती. रोजच्या प्रवाशांनी त्या जिन्यावरच्या गर्दीची छायाचित्रं टाकून समाजमाध्यमांवर इशारे दिले होते. प्रवाशांचं मत तयार होतं, स्पष्ट होतं आणि अचूक होतं. ते ऐकून घेऊन त्यावर काम सुरू करण्याची सक्ती मात्र कुणावर नव्हती.

दुर्घटनेनंतर रेल्वेने एक निर्णय जाहीर केला, त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. तोवर पादचारी पूल ही रेल्वेच्या हिशेबात 'प्रवासी सुविधा' होती. यापुढे तो अनिवार्य आणि सुरक्षेचा भाग मानला जाईल असं ठरलं. म्हणजे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हापासून २०१७ पर्यंत, फलाटावर उतरलेल्या माणसाने बाहेर कसं पडायचं हा प्रश्न बाकडं, पंखा आणि पाण्याचा नळ यांच्याच रांगेत होता. सुविधा म्हटलं की ती निधी उरला तर मिळते, पुढच्या वर्षावर ढकलता येते. सुरक्षा म्हटलं की ती आधी करावी लागते. एका शब्दाने कामाचा क्रम बदलतो. परळ, करी रोड आणि आंबिवली इथले पूल मग लष्कराच्या अभियंत्यांनी बांधले आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला ते खुले झाले. घोषणेपासून चार महिनेही लागले नाहीत. इतकी वर्षं कागदावर राहिलेलं काम एवढ्या थोड्या काळात होऊ शकतं, हे पाहून त्या वेळी मला दिलासा वाटला होता, आणि राग त्याहून जास्त आला होता.

परळच का, याचं उत्तर या भागाच्या इतिहासात आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा इथला कामगार बहुतेक आसपासच्या चाळींतच राहायचा आणि भोंगा झाला की पायी कामावर जायचा. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या जमिनींवर काचेच्या कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. त्यांत काम करणारी माणसं डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याहून येऊ लागली. जिथून पूर्वी थोडी माणसं गाडीत चढायची, तिथे आता सकाळच्या दोन तासांत हजारो माणसं उतरू लागली. स्टेशन मात्र जुन्याच मापाचं राहिलं.

हा बदल रेल्वेच्या नोंदीत ठळकपणे का उमटला नाही? माझ्या मते त्याचं एक कारण मोजणीच्या रीतीत आहे. रेल्वे आपल्या स्टेशनांची प्रतवारी करते ती तिथलं तिकिटांचं उत्पन्न आणि तिथून निघणारे प्रवासी यांवर. २०१७ पासून उपनगरी स्टेशनांचे असे तीन वर्ग आहेत, आणि कोणत्या स्टेशनावर किमान काय असायला हवं हे त्या वर्गाप्रमाणे ठरतं. आता नालासोपाऱ्याला पास काढणारी मुलगी रोज परळ भागात उतरते. तिचा पैसा नालासोपाऱ्याच्या खात्यावर, तिचं पाऊल परळच्या पुलावर. दादरला मध्य रेल्वे सोडून पश्चिम रेल्वे पकडणारा माणूस दादरला तिकीट काढतच नाही, पण दादरचा पूल दिवसातून दोनदा वापरतो. कुर्ल्याला हार्बर बदलणाऱ्यांचंही तेच. उतरणारे आणि बदलणारे या हिशेबात पुरेसे दिसत नाहीत, आणि स्टेशनावर खरी दाटी तर त्यांचीच असते. तिकीटखिडकी पाहून पूल किती रुंद हवा हे कळत नाही. ते पुलावर उभं राहिल्यावर कळतं.

गर्दीच्या वेळी बारा डब्यांची लोकल चार-पाच हजार माणसं घेऊन धावते. मोठ्या स्टेशनावर त्यातली हजारभर उतरतात आणि तीन-चार मिनिटांत पुढची गाडी येते. म्हणजे पहिल्या गाडीची माणसं तेवढ्या वेळात फलाट सोडून बाहेर पडली पाहिजेत. नाही पडली तर दुसऱ्या गाडीची माणसं त्यांच्या पाठीवर येतात. स्टेशनाच्या दर्जाची माझी पहिली कसोटी हीच आहे: गाडी थांबल्यापासून शेवटचा उतारू रस्त्यावर पोचायला किती मिनिटं लागतात? हातात घड्याळ घेतलेल्या एका माणसाला हे मोजता येईल. तरी हा आकडा कोणत्याही स्टेशनाच्या दर्शनी भागात लावलेला मी पाहिलेला नाही. तिथे उद्घाटनाची कोनशिला असते.

घाटकोपरचं उदाहरण घ्या. ८ जून २०१४ ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि एका रात्रीत घाटकोपर हे बदलण्याचं स्टेशन झालं. मेट्रो येणार हे कित्येक वर्षं माहीत होतं, तिचे खांब सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. लोकलचे फलाट आणि जिने मात्र होते तसेच राहिले. प्रवाशांना फलाटावरून वर काढून पसरायला जागा देणाऱ्या उन्नत डेकचं काम तिथे खूप उशिरा हाती घेतलं गेलं. ही डेकची कल्पना मला पटते. खार रोडला ती झाल्यावर फलाटावरचा ताण कमी झाल्याचं जाणवतं. मेट्रोच्या नव्या मार्गिका आता जागोजागी लोकलच्या स्टेशनांना येऊन भिडत आहेत. तिथे डेक मेट्रोच्या आधी तयार असायला हवा, दहा वर्षांनी नव्हे.

आता फलाटाकडे येते. लोकलच्या डब्याचा तळ रुळापासून साधारण १२०० मिलिमीटर उंच असतो आणि आपले जुने फलाट ७६०-८४० मिलिमीटरचे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एक तरुण मुलगी गाडी पकडताना या पोकळीत पडली आणि तिने दोन्ही हात गमावले. त्यानंतर उच्च न्यायालयाने लक्ष घातलं, आणि फलाट ९०० मिलिमीटरपर्यंत उंच करण्याचं काम शहरभर झालं. पोकळी कमी झाली, पण अजून एका पायरीएवढी शिल्लक आहेच. "पायदान आणि फलाट यांतील अंतराकडे लक्ष द्या" ही उद्घोषणा आम्ही रोज ऐकतो. नऊवारीतली आजी, पोटुशी बाई, कुबडी घेतलेला माणूस हे त्या अंतराकडे पुरेपूर लक्ष देतातच. पण लक्ष दिल्याने अंतर मिटत नाही. गाडी थांबते जेमतेम वीस-तीस सेकंद, त्यात हे सगळं करायचं असतं. दिव्यांगांच्या डब्याची जागा अंध प्रवाशांना कळावी म्हणून फलाटावर बारीक आवाज देणारी यंत्रं बसवली, ती सूचना ज्यांना गरज होती त्यांच्याकडून आली आणि न्यायालयामार्फत आली. मला ती आपल्या स्टेशनांवरची सर्वांत शहाणी वस्तू वाटते. ती बंद पडलेली दिसली की म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

आणि शौचालय. याविषयी लिहिताना पुरुष लेखक एका ओळीत पुढे जातात, मी जाणार नाही. सीएसएमटी ते कसारा १२१ किलोमीटर, चर्चगेट ते डहाणू १२४ किलोमीटर. अडीच-तीन तासांचा प्रवास, आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही. म्हणजे या रेल्वेवर स्वच्छतागृह असायची एकमेव जागा स्टेशन. ते बंद असलं, अंधारात असलं, किंवा फलाटाच्या अशा टोकाला असलं की जिथे बाई एकटी जाणार नाही, तर ते नसल्यासारखंच. आमच्या डब्यातल्या किती तरी जणी सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत. तहान मारून प्रवास करायची सवय आम्हाला इतकी लागली आहे की ती सवय आहे हेही विसरायला होतं. मूत्रमार्गाचे आजार, उन्हाळ्यात चक्कर येणं, पाळीच्या दिवसांतली घालमेल हे सगळं त्यातून येतं. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' चळवळीतल्या बायकांनी हा विषय महापालिकेच्या दारात नेला आणि मुतारी हा शब्द सभेत उच्चारायची लाज मोडली. त्या चळवळीने सांगितलेली गोष्ट साधी होती. किती शौचालयं बांधली हे मोजू नका, त्यांतली किती आत्ता या क्षणी एखादी बाई वापरू शकते ते मोजा. स्टेशनांना ही कसोटी अजून लागलेली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला माहिती ही गोष्ट आहे. तिथे थोडक्या खर्चात किती फरक पडतो, हे दादरने दाखवलं. दादरला मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेंच्या फलाटांना आपापले एक, दोन, तीन असे आकडे होते. बाहेरगावचा माणूस "एक नंबरवर ये" म्हटल्यावर कोणत्या एक नंबरवर जाणार? पिढ्यान्‌पिढ्या चुकामुकी झाल्या, पुलावर उलटसुलट धावपळ झाली. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे फलाट तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे सलग आकडे दिले गेले. पाट्या बदलल्या, उद्घोषणा बदलल्या, एवढंच. भिंत पाडावी लागली नाही, जमीन घ्यावी लागली नाही. गोंधळ किती जुना होता ते दादरला उतरणारा कुणीही सांगू शकला असता. मग इतकी वर्षं का लागली? दोन रेल्वे दोन विभागांच्या आहेत म्हणून. प्रवासी मात्र एकच असतो.

ही विभागणी स्टेशनाच्या दारातही आडवी येते. फलाट रेल्वेचा, पण जिन्याची शेवटची पायरी उतरली की जमीन महापालिकेची. फेरीवाले महापालिकेचे, रिक्षांची रांग वाहतूक पोलिसांची, स्कायवॉक आणखी कुणाचा. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल कोसळून माणसं मेली, तेव्हा पूल रेल्वेचा की महापालिकेचा ही चर्चा पहिल्या तासातच सुरू झाली. तो महापालिकेचा होता. त्यावरून जाणाऱ्यांसाठी मात्र तो नुसता स्टेशनचा पूल होता. एल्फिन्स्टनच्या घटनेनंतर स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नसावेत असं उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. त्या दीडशे मीटरांचा रोजचा मालक कोण हे अजून ठरलेलं दिसत नाही. परळ-प्रभादेवीलाच पाहा. सप्टेंबर २०२५ पासून तिथला जुना एल्फिन्स्टन उड्डाणपूल पाडकामासाठी बंद झाला आणि रस्त्यावरून पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांनाही स्टेशनचा पादचारी पूल जवळचा वाटू लागला. रस्त्याचा निर्णय एकाने घेतला, भार दुसऱ्याच्या जिन्यावर आला.

नवी मुंबईची स्टेशनं या बाबतीत वेगळी निघाली, कारण तिथे शहर आणि स्टेशन एकत्र आखलं गेलं. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत गाडी गेली, त्या खर्चाचा मोठा वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला होता. रुंद फलाट, पुलाऐवजी भुयारी वाट, वर छप्पर: उतरल्यावर श्वास घेता येतो. पण तिथे राहणाऱ्या मैत्रिणींना विचारलं तर दुसरंच कळतं. ती प्रशस्त दालनं रात्री ओकीबोकी असतात. गाळे बंद, दिवे मिणमिणते, भुयारात पाणी. त्या बायका तिथे पावलांचा वेग वाढवतात. जागा भरपूर असणं आणि जागा जिवंत असणं यांत फरक आहे, हे नकाशावर दिसत नाही. रात्री दहाच्या गाडीने उतरलेल्या बाईला ते सहज सांगता येतं.

स्टेशनांच्या पुनर्विकासाच्या अमृत भारत योजनेतून आता मुंबईतली स्टेशनंही नटत आहेत. २२ मे २०२५ ला देशातल्या १०३ स्टेशनांचं लोकार्पण झालं, त्यात परळ, चिंचपोकळी, माटुंगा, वडाळा रोड आणि पुढचं शहाड होतं. त्यात चांगलं काम झालेलं आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. नीटस तिकीटघर, उजळ दिवे, बसायला जागा यांनी माणसाला माणसासारखं वाटतं. माझा आक्षेप क्रमाला आहे. दर्शनी भागापासून सुरुवात केली की पैसा रस्त्यावरून दिसणाऱ्या गोष्टींवर जातो, आणि पुलाचं दुसरं टोक, पत्रा नसलेले तीन डबे, बंद कुलूप हे रस्त्यावरून दिसत नाही. दिघा गावचं स्टेशन बांधून तयार होऊनही कित्येक महिने उद्घाटनासाठी बंद राहिलं, शेवटी १२ जानेवारी २०२४ ला उघडलं. त्या महिन्यांत तिथल्या माणसांनी रोज तयार स्टेशनावरून न थांबणाऱ्या गाडीतून प्रवास केला. त्यांचं मत कुणी विचारलं असतं, तर ते एका वाक्यात मिळालं असतं: फीत नंतर कापा, गाडी आज थांबवा.

प्रवाशांना विचारण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही असं नाही. २०१९ च्या 'स्वच्छ रेल, स्वच्छ भारत' पाहणीत देशातली ७२० स्टेशनं तपासली, त्यांत १०९ उपनगरी होती, आणि गुणांचा तिसरा हिस्सा प्रवाशांच्या मतांना होता. उपनगरी गटात अंधेरी, विरार आणि नायगाव वर आले. अंधेरीसारखं अफाट गर्दीचं स्टेशन स्वच्छतेत पहिलं येतं, म्हणजे गर्दी आहे म्हणून घाण राहणारच, ही सबब खोटी ठरली. पण ती पाहणी स्वच्छतेची होती. पुलाबद्दल, पोकळीबद्दल, रात्रीच्या भीतीबद्दल तसं कधी पद्धतशीर विचारलं गेलेलं नाही. विभागीय पातळीवर प्रवासी सल्लागार समित्या आहेत, पण त्यांत नेमणुकीने माणसं येतात, निवडून येत नाहीत. त्यांनी काय मागितलं आणि काय झालं हे फलाटावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचत नाही.

दोन उत्तरं मला नेहमी ऐकायला मिळतात. पहिलं, पाच रुपयांत तिकीट मिळतं, आणखी काय हवं? भाडं कमी आहे हे खरं. पण या शहरातला कमी पगाराचा माणूस रोज कामावर पोचतो तो त्या भाड्यामुळे, आणि त्याच्या कामावर हे शहर कमावतं. स्वस्त तिकिटाच्या बदल्यात चेंगरून मरण्याची जोखीम त्याने पत्करली आहे असं कुणीही कुठे लिहून घेतलेलं नाही. शिवाय मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यासाठी ३३,६९० कोटी रुपये मंजूर झालेले आहेत. त्यात राज्याचाही वाटा आहे, म्हणजे तिकीट न काढणाऱ्या नागरिकाचाही. पैसा आहे. तो खर्च करताना कुणाला विचारायचं, हा प्रश्न शिल्लक आहे.

दुसरं उत्तर जास्त बोचतं: प्रवासीच बेशिस्त आहेत, रूळ ओलांडतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यांतली सर्वाधिक रूळ ओलांडताना. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, दंड आहे, कैदही आहे. तरी माणसं उतरतात. मी कधीच रूळ ओलांडलेले नाहीत, माझ्या मुलालाही ओलांडू दिलेले नाहीत, आणि ओलांडणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण जिथे माणसं रोज एकाच ठिकाणी रुळांत उतरतात, तिथे उभं राहून बघा. बहुतेक वेळा पूल दुसऱ्या टोकाला असतो आणि या टोकाला वस्ती, शाळा किंवा रिक्षातळ. पायवाट पडलेली असते. ती पायवाट म्हणजे हजारो प्रवाशांनी पायांनी नोंदवलेलं मत आहे: पूल इथे हवा होता. कुंपण जरूर घाला, पण त्याआधी त्या पायवाटेवर पूल बांधा.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसं पडून मेली, तेव्हापासून आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा सुरू आहे. दारं यायलाच हवीत. पण दारं बंद झाल्याशिवाय गाडी सुटणार नाही, म्हणजे फलाटावर ती जास्त वेळ थांबेल, आणि जे आत मावणार नाहीत ते फलाटावरच राहतील. आज दारात लटकणारी गर्दी उद्या फलाटावर उभी असेल. त्या गर्दीला उभं राहायला जागा, डोक्यावर छप्पर, मागे सरकायला वाट आहे का, हे दारं बसवण्याआधी तपासायला हवं. गाड्यांची चर्चा करताना स्टेशनं विसरण्याची चूक एकदा महागात पडलेली आहे.

ब्रिटनमध्ये रेल्वे प्रवाशांसाठी कायद्याने नेमलेली स्वतंत्र संस्था आहे. तिथे १९९९ पासून २०२० पर्यंत प्रवाशांची नियमित पाहणी होत असे आणि स्टेशनाची निगा, माहिती, बसायची सोय, तिथे वाटणारी सुरक्षितता यांवर वेगवेगळे प्रश्न असत. निकाल कंपनीगणिक जाहीर होत. त्यांच्या रेल्वेच्या अडचणी वेगळ्या, पैसा वेगळा, त्यांची नक्कल करा असं मी म्हणत नाही. रेल्वे चालवणाऱ्याने स्वतःची परीक्षा स्वतः घेऊ नये, एवढी गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे.

आणि विचारायला आपल्याइतकी सोपी व्यवस्था दुसरीकडे क्वचितच असेल. आपल्याकडे पास आहे. पासधारक कोण, कुठून कुठे जातो, हे रेल्वेला माहीत असतं. तो महिन्याने किंवा तीन महिन्यांनी न चुकता परत येतो, खिडकीवर किंवा मोबाइलच्या ॲपवर. त्या वेळी त्याला चारच प्रश्न विचारा, आणि दोन्ही टोकांच्या स्टेशनांबद्दल विचारा, म्हणजे उतरणाराही मोजला जाईल. उतरल्यावर बाहेर पडायला किती मिनिटं लागतात? मागच्या महिन्यात शौचालय वापरता आलं का? रात्री इथे सुरक्षित वाटतं का? एक गोष्ट बदलायची तर कोणती? उत्तरं स्टेशन मास्तरांच्या खोलीबाहेर मराठीत लावा आणि खाली लिहा, त्यांतलं काय केलं, काय जमलं नाही आणि का. विभागीय व्यवस्थापकाच्या कामाच्या मूल्यमापनात ते आकडे धरा.

माझा तिमाही पास पुढच्या आठवड्यात संपतो आहे. कुणी विचारलंच तर माझं उत्तर तयार आहे. बाहेर पडायला संध्याकाळी अकरा मिनिटं. शौचालय नाही वापरता आलं. रात्री दहापर्यंत हो, नंतर नाही. आणि बदलायची एक गोष्ट: पुलाच्या उत्तरेकडच्या टोकाचा सरकता जिना सकाळी वर चालू दे, पण संध्याकाळी सहा ते नऊ खाली सोडा. त्याला नवीन काही बांधावं लागत नाही. मावशी पाच चाळीसच्या गाडीला असतात, सव्वासातला पुलावर येतात.